मृद्गंधाचा पुरावा : मातीचा वास प्रयोगशाळेने कसा पकडला?

१/
मे महिन्याच्या अखेरीस जालना जिल्ह्यातील काळी जमीन भेगाळलेली असते. वर्षाकाठी साधारण ६५० ते ७५० मिलिमीटर पावसावर जगणारा हा मुलूख. त्यामुळे रोहिणी वा मृगाची पहिली सर येथे घटना असते. ती सर पडताच जो वास उठतो, तो ओळखण्यासाठी कोणाला शिकवावे लागत नाही. मात्र त्या वासाचा मोठा वाटा मातीतील जिवाणूंचा आहे, हे शास्त्राला ठामपणे सांगता येण्यास १९६५ साल उजाडावे लागले. आजचा धागा त्या शोधाचा आहे.

२/
इतिहासाच्या धाग्यात वासाचे काय काम, असा प्रश्न पडेल. जालना जिल्ह्यातच पाहा. भोकरदन येथे १९७३ साली शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी उत्खनन केले; प्राचीन भोगवर्धनाचे मणी, भांडी, हस्तिदंताची मूर्ती हाती आली. असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी लढाई झाली; तिचे नकाशे, पत्रे, मृतांच्या याद्या उपलब्ध आहेत. दोन्ही ठिकाणी आपल्याला काय दिसत होते, हे ठाऊक आहे. कोणता वास येत होता, हे कोणत्याही दप्तरात नाही. वास टिकत नाही, म्हणून त्याचा पुरावाही टिकत नाही. तो टिकवायचा कसा, हाच या इतिहासाचा मूळ प्रश्न.

३/
शब्दांनी वास टिकवण्याचा प्रयत्न फार जुना आहे. वैशेषिक दर्शनाने गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला. कालिदासाच्या रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात गर्भवती सुदक्षिणा माती खाते. तिच्या मुखाला येणारा मातीचा वास घेऊन दिलीपाची तृप्ती होत नाही, आणि कवी त्याला ग्रीष्माच्या शेवटी भिजलेल्या डबक्याचा वास घेणाऱ्या हत्तीची उपमा देतो. मराठीत विंदा करंदीकरांचा ‘मृद्गंध’ हा काव्यसंग्रह १९५४ साली प्रसिद्ध झाला. हे वर्ष लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

४/
शब्दांच्या पलीकडे जाऊन हा वास प्रत्यक्ष कुपीत भरण्याचे काम उत्तर प्रदेशातील कनौजच्या अत्तर कारागिरांनी केले. भाजलेली माती तांब्याच्या देगेत पाण्यासह उकळायची. वाफ बांबूच्या नळीतून ‘भपका’ नावाच्या भांड्यात न्यायची. त्या भांड्यात चंदनाचे तेल असते, ते वाफेतील वास धरून ठेवते. हेच मिट्टी अत्तर. मराठीत वासाच्या लोटाला आपण भपकारा म्हणतो, त्याची येथे आठवण होते. प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचे तर हे बाष्प ऊर्ध्वपातन आणि नंतर तेलात शोषण. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी जे केले, त्याची पहिली पायरी हीच होती.

५/
एकोणिसाव्या शतकात वासाला पुराव्याचे फार मोठे स्थान होते. दूषित, दुर्गंधीयुक्त हवेने रोग होतात, असा समज युरोपातील वैद्यकात रूढ होता आणि वसाहतींच्या नगररचनेतही तो उतरला. दुर्गंधी म्हणजे रोग, असे साधे समीकरण होते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा गटारांत कार्बोलिक ओतणे, भिंतींना चुना लावणे, वस्त्या धुऊन काढणे ही कामे धडाक्याने सुरू झाली. प्लेगचा जिवाणू त्यापूर्वी दोनच वर्षे, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये सापडला होता. तरीही कारवाईचा रोख बराचसा दुर्गंधीकडे राहिला.

६/
जिवाणूशास्त्राने हे समीकरण मोडले. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कोलकात्यात पटकीच्या जिवाणूवरील काम पुढे नेले. पटकीचे जिवाणू असलेले पाणी नाकाला निर्मळ वाटू शकते, आणि घाण वासाच्या पाण्यात ते नसूही शकतात. आता रोगाचा पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली होता. वास हा अप्रतिष्ठित साक्षीदार ठरला. ही प्रगतीच होती, याबद्दल शंका नाही. पण तिची एक किंमत होती : वासातून खरोखर काही कळते का, हा प्रश्नच काही काळ मागे पडला.

७/
प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात मात्र नाक कामावर होतेच. बशीत वाढवलेल्या जिवाणूंचा वास घेऊन त्यांची जात ओळखण्याची सवय अनेक पिढ्यांच्या जिवाणूशास्त्रज्ञांना होती. जखमेत वाढणाऱ्या स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूला द्राक्षांसारखा गोडसर वास येतो. त्यामागील पदार्थ पुढे ओळखला गेला. संसर्गाच्या धोक्यामुळे बशी हुंगणे आज वर्ज्य आहे. जिवाणू अन्न पचवताना आणि वाढताना हवेत सहज मिसळणारे पदार्थ सोडतात, त्यांना बाष्पनशील संयुगे म्हणतात. कोण कोणती संयुगे सोडते, हे नाकाशिवाय कसे जाणावे, हा प्रश्न उरला.

८/
मातीच्या वासाबाबत पहिला गंभीर रासायनिक प्रयत्न १८९१ साली पॅरिसमध्ये झाला. मार्सेलँ बर्थेलो आणि गुस्ताव आंद्रे यांनी मातीतील वास वाफेबरोबर बाहेर काढला व त्याची तपासणी केली. तो एक उदासीन सेंद्रिय पदार्थ आहे, वाफेबरोबर वाहून येतो आणि त्याचा वास कापराच्या जातीचा आहे, इतके त्यांना सांगता आले. पदार्थाचे प्रमाण मात्र इतके अल्प होते की पुढे जाणे शक्य नव्हते. कनौजची देग आणि पॅरिसची काचेची नळी यांची पद्धत एकच होती, आणि अडचणही एकच : वास मिळतो, पदार्थ हाती लागत नाही.

९/
पुढील दुवा माशांनी दिला. १९३६ साली ए. सी. थेसेन या संशोधकाने नदीतील सॅमन माशाला येणारी मातकट चव ॲक्टिनोमायसीट गटातील जिवाणूंशी जोडली. हे जिवाणू बुरशीसारखे धागे पसरतात. त्यांचे ठाणे माती आणि गाळ. तळ्यातील मासा चिखलट लागतो, हे आपल्याकडे स्वयंपाक करणारी प्रत्येक व्यक्ती जाणते आणि त्यावर चिंचेचा कोळ किंवा लिंबू वापरते. त्यामागेही रसायन आहे : मातकट वास देणारा मुख्य पदार्थ आम्लात टिकत नाही, त्याचे रूपांतर गंधहीन पदार्थात होते. चुलीपाशी ही युक्ती होती. तिचे कारण प्रयोगशाळेला नंतर कळले.

१०/
आता अडचण नेमकी कोणती होती, ते पाहू. वासाच्या विश्लेषणात चार कामे असतात : पकडणे, वेगळे करणे, ओळखणे, मोजणे. वाफ आणि तेल यांनी पहिले काम होत होते. पण पकडलेल्या वासात शेकडो पदार्थ एकत्र असतात. बाजारातील गोंगाटातून एका माणसाचा आवाज वेगळा काढावा, तसे हे काम. वेगळे करता येत नाही तोवर ओळख आणि मोजमाप हे दोन्ही अशक्य. १८९१ पासून साठ वर्षे गाडी येथेच अडली होती.

११/
ती अडचण १९५२ साली लंडनमध्ये सुटली. ए. टी. जेम्स आणि ए. जे. पी. मार्टिन यांनी गॅस क्रोमॅटोग्राफीची पद्धत प्रसिद्ध केली. एका लांब नळीत न उडणाऱ्या द्रवाचा पातळ थर असलेले कण भरायचे, तीतून वायूचा प्रवाह सोडायचा आणि प्रवाहात मिश्रण टाकायचे. जो पदार्थ द्रवात रमतो तो मागे राहतो. जो रमत नाही तो लवकर बाहेर पडतो. वारीत एकत्र निघालेले लोक चालण्याच्या गतीनुसार पांगतात, तसे मिश्रण पांगते. विशेष म्हणजे त्यांनी या पद्धतीने प्रथम वेगळी केली ती बाष्पनशील मेदाम्ले, म्हणजे व्हिनेगर आणि खवट लोणी यांच्या वासाचे पदार्थ. आंबण्याच्या क्रियेत जिवाणू हीच आम्ले सोडतात.

१२/
१९६४ साली मेलबर्न येथील सीएसआयआरओ या संस्थेतील इसाबेल जॉय बेअर आणि आर. जी. थॉमस यांचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. कोरडे खडक आणि चिकणमाती यांतून त्यांनी वाफेच्या साहाय्याने पिवळसर तेल मिळवले. कोरड्या ऋतूत खडक व माती हवेतील सेंद्रिय पदार्थ शोषून घेतात आणि ओलावा येताच सोडतात, असे त्यांचे म्हणणे. या वासाला त्यांनी ग्रीक शब्दांवरून ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले. याच निबंधात त्यांनी कनौजच्या मिट्टी अत्तराचा उल्लेख केला. म्हणजे विज्ञानाच्या नोंदीत कारागिरांची जागा राहिली, पण एकाही कारागिराचे नाव मात्र राहिले नाही.

१३/
येथे आपले वर्ष आठवावे. ‘मृद्गंध’ हा शब्द मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर १९५४ साली छापला गेला होता. ‘पेट्रिकोर’ १९६४ साली जन्मला. यावरून आपण आधी शोध लावला, असा अर्थ काढणे मात्र चुकीचे. शब्द असणे आणि कारण ठाऊक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कवीने अनुभवाला नाव दिले. बेअर आणि थॉमस यांनी त्या अनुभवामागील पदार्थाला नाव दिले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही नोंदी जपाव्यात, एकीच्या जागी दुसरी ठेवू नये.

१४/
१९६४ हे वर्ष जालन्यासाठीही महत्त्वाचे आहे. त्याच साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि पुढे हे शहर बियाण्यांसाठी ओळखले जाऊ लागले. पुढील वर्षी, १९६५ साली, बेअर आणि थॉमस यांनी दुसरा निबंध लिहिला : मातीतील ते तेल बियांची उगवण आणि रोपांची वाढ मंदावते. पहिल्या सरीवर पेरू नये, पुरेशी ओल होऊ द्यावी, हा शेतकऱ्याचा नियम दुबार पेरणीच्या भीतीतून आला आहे. त्याचा या तेलाशी थेट संबंध जोडता येत नाही. तरीही वास आणि पेरणी यांचा प्रश्न प्रयोगशाळेत एकत्र आला, हे नोंदवण्यासारखे आहे.

१५/
आता मुख्य पात्र. १९६५ सालीच अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात नॅन्सी गर्बर आणि ह्युबर्ट लशव्हालिए यांनी स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू द्रवात वाढवले, त्या द्रवाचे ऊर्ध्वपातन केले, द्रावकाने वासाचा अंश वेगळा काढला आणि गॅस क्रोमॅटोग्राफीने शुद्ध केला. हाती आलेल्या पदार्थाला त्यांनी नाव दिले ‘जिओस्मिन’ : पृथ्वीचा वास. १९६८ साली गर्बर यांनी त्याची रचना सांगितली : १२ कार्बन, २२ हायड्रोजन, १ ऑक्सिजन. बर्थेलोंना ज्याचा केवळ कापरासारखा वास सांगता आला होता, त्याचे रेणूचित्र ७७ वर्षांनी कागदावर उतरले.

१६/
स्ट्रेप्टोमायसिस हे नाव ओळखीचे वाटेल. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४३ साली याच रटगर्समध्ये याच गटातील जिवाणूपासून मिळाले होते. महाराष्ट्रातही या गटाची एक शाखा आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक उद्योग उभा राहिला. तेथे एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी मातीतील एका जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधले. त्या जिवाणूचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पहिल्या सरीला वास देणारा आणि औषध देणारा, हा जिवाणूंचा एकच वंश आहे.

१७/
‘ओळखणे’ हे तिसरे काम मास स्पेक्ट्रोमीटरने सोपे केले. १९५० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतील डाऊ केमिकल या कंपनीत गोल्के आणि मॅक्लॅफर्टी यांनी हे यंत्र गॅस क्रोमॅटोग्राफला जोडून दाखवले. नळीतून एकेक पदार्थ बाहेर पडतो, त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा होतो, रेणू फुटतो आणि तुकड्यांची वस्तुमाने मोजली जातात. प्रत्येक रेणू आपल्या पद्धतीने फुटतो. जिओस्मिनचा रेणू १८२ वस्तुमानाचा. त्याचा सर्वात ठळक तुकडा ११२ चा. नळीतून बाहेर पडण्याची वेळ आणि तुकड्यांचा नमुना, या दोन साक्षी जुळल्या की ओळख पटते. हे तत्त्व आपलेच आहे : एका साधनावर विसंबू नये, दुसऱ्याने पडताळावे.

१८/
‘पकडणे’ ही पायरीही बदलली. पाण्यातील वास काढण्यासाठी आज देगेची गरज नाही. १९९० च्या सुमारास कॅनडातील वॉटरलू विद्यापीठात यानुश पावलिशिन यांनी एक सुटसुटीत पद्धत विकसित केली : शोषक लेप दिलेला एक बारीक तंतू. पाण्याचा नमुना झाकणबंद कुपीत घ्यायचा, त्यात मीठ घालायचे, साधारण ६० अंशांपर्यंत तापवायचे. मिठामुळे आणि उष्णतेमुळे वास पाण्यातून वरच्या हवेत येतो. तंतू त्या हवेत धरला की तो वास शोषतो. मग तोच तंतू यंत्राच्या तप्त तोंडात घालायचा. चंदनाच्या तेलाचे काम आता हा तंतू करतो. नमुना भरताना बाटली काठोकाठ भरायची आणि थंड ठेवायची. मध्ये हवा राहिली तर पुरावा बाटलीतच उडून जातो.

१९/
इतके सारे उभारूनही नाक हरले नाही. पाण्यात लिटरला सुमारे १० नॅनोग्रॅम जिओस्मिन असले तरी अनेकांना ते जाणवते. एक ग्रॅम जिओस्मिन १० कोटी लिटर पाण्यात मिसळावे, म्हणजे १० हजार लिटरच्या १० हजार टँकरमध्ये, इतके हे प्रमाण आहे. त्यामुळे वासाच्या प्रयोगशाळांत यंत्राच्या शेवटच्या टोकाशी माणूस बसवण्याची पद्धत आजही आहे : एक फाटा यंत्राकडे, दुसरा नाकाकडे. आलेखावर उंच शिखर दिसते तेथे कधी वासच नसतो, आणि आलेख सपाट असतो तेथे हुंगणारा सावध होतो. ज्या साक्षीदाराला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजूला काढले, त्याला असे सन्मानाने परत बोलवावे लागले.

२०/
पुन्हा जालन्याकडे येऊ. शेतात हवाहवासा वाटणारा हाच वास पेल्यातील पाण्याला आला की तक्रार होते. जिओस्मिन केवळ मातीत होत नाही. तलावातील निळे-हिरवे शेवाळ, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, यांच्याही काही जाती ते तयार करतात. उन्हाळ्यात तलाव आटतो, पाणी उथळ व कोमट होते, तेव्हा अशा वाढीला पोषक स्थिती निर्माण होते. जालना शहराने निजामकाळातील घाणेवाडी तलावाचे पाणी प्यायले आणि पैठणच्या नाथसागराचेही. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरच्या रांगा लागल्या. पिंपात पाणी ओतण्याआधी ते ओंजळीत घेऊन हुंगणारी माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला वासाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

२१/
या हुंगण्याची नोंद कशी होते? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, वासाची अट एका शब्दाची आहे : तो स्वीकारार्ह असावा. तपासणी नाकाने होते. जपानच्या मानकात जिओस्मिनसाठी आकडा आहे : लिटरला १० नॅनोग्रॅम. माणसाचे नाक जेथे जागे होते, साधारण तेथेच ही मर्यादा आखलेली दिसते. एका देशात वास हा शब्द आहे, दुसऱ्या देशात तो संख्या आहे. पन्नास वर्षांनी कोणी जालन्याच्या पाण्याचा इतिहास लिहू लागला, तर ‘पाण्याला वास येतो’ हा तक्रारअर्जातील शेरा त्याला मिळेल. कोणता वास, किती, कोणत्या महिन्यात, हे मिळणार नाही.

२२/
येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. इतक्या अल्प प्रमाणातील जिओस्मिन आरोग्याला अपायकारक मानले जात नाही. क्लोरीनने ते फारसे जात नाही. सक्रिय कोळशाने जाते. म्हणून मातकट वासाचे पाणी विषारी, असे म्हणता येत नाही. आणि वास नसलेले पाणी सुरक्षित, असे तर मुळीच म्हणता येत नाही. पटकीने शिकवलेला धडा अजून खरा आहे. नाक एका प्रश्नाचे उत्तर देते, सूक्ष्मजीव तपासणी दुसऱ्या. चूक होते ती एकाचे उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला चिकटवल्याने. एकोणिसाव्या शतकाची चूक वास घेण्यात नव्हती. वास म्हणजेच रोग, असे मानण्यात होती.

२३/
जिवाणू हा वास मुळात तयार का करतात? २००७ साली अमेरिकेतील डेव्हिड केन यांच्या गटाने दाखवले की जिओस्मिन घडवण्याची प्रक्रिया एकच विकर दोन टप्प्यांत पार पाडते. २०१५ साली एमआयटीतील संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने टिपले की थेंब सच्छिद्र मातीवर पडताच खाली हवेचे बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि सूक्ष्म तुषार हवेत उडवतात. २०२० साली आणखी एक धागा उलगडला : स्प्रिंगटेल नावाचे मातीतील चिमुकले संधिपाद प्राणी या वासाने आकर्षित होतात, जिवाणूंचे बीजाणू खातात व अंगावर वाहून दूर नेतात. आपल्याला भावणारे हे आमंत्रण मुळात आपल्यासाठी नव्हतेच.

२४/
सारांश असा. वास हा पुरावा म्हणून एकदा चुकीच्या कारणासाठी मानला गेला, नंतर त्याच चुकीपायी नाकारला गेला, आणि क्रोमॅटोग्राफीने तो योग्य कारणासाठी परत आणला. या प्रवासात कनौजचा कारागीर, चिंचेचा कोळ घालणारी बाई, ओंजळीतील पाणी हुंगणारा माणूस, हे सारे यंत्राच्या आधी तेथे होते. त्यांच्याकडे निष्कर्ष होते, नोंद नव्हती. नोंद ज्याच्याकडे, इतिहास त्याच्याकडे राहतो, हे आपण इतर विषयांत पाहतोच; वासही त्याला अपवाद नाही.

२५/
म्हणून वाचकांना एक विनंती. मराठीत वासाला मातकट, कुबट, कोंदट, आंबूस, खवट, उग्र, शेवाळी असे कितीतरी शब्द आहेत आणि त्यांपैकी प्रत्येक शब्द वेगळ्या संयुगाकडे बोट दाखवू शकतो. तुमच्या गावातील विहिरीच्या, तलावाच्या, टँकरच्या पाण्याच्या वासाला घरातील वडीलधारी माणसे कोणता शब्द वापरतात, तो गावाच्या आणि महिन्याच्या नावासह खाली लिहा. यंत्र महाग आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ते केव्हा येईल, हे आपल्या हाती नाही. तारीख घालून शब्द लिहून ठेवणे आजच शक्य आहे. येत्या मृगाची पहिली सर पडेल, तेव्हा आरंभ तेथूनच करावा.

धागा समाप्त.